ताम्हिणी, धबधबे थांबल्यावर

मुळशी तालुक्याला दोन टोकं आहेत. पूर्वेच्या टोकाला हिंजवडी आणि माण: राजीव गांधी आयटी पार्क, फेज एक, दोन, तीन, काचेच्या इमारती, मेट्रोचे खांब आणि सकाळ-संध्याकाळ हलता न हलणारी गाड्यांची रांग. पश्चिमेच्या टोकाला ताम्हिणी: घाटमाथा जिथे तुटतो आणि खाली कोकण सुरू होतं ती सह्याद्रीची धार, आणि तिच्या अंगाखांद्यावरचं दाट रान. दोन्हींची तहसील कचेरी एकच, पौडला. मधलं अंतर पन्नासेक किलोमीटर. हिंजवडीहून स्वारगेटला संध्याकाळी पोचायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यात माणूस पहाटे ताम्हिणीत असतो.

ताम्हिणीचं नाव हिंजवडीत कुणाला माहीत नाही असं नाही. जुलै लागला की ऑफिसच्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर ते येतंच. ताम्हिणी म्हणजे पावसाळा, पावसाळा म्हणजे धबधबे आणि धबधबे म्हणजे रविवार, असं समीकरण आता पक्कं झालं आहे. त्या रविवारी घाटात मैलभर गाड्या उभ्या असतात, कडेला मक्याची कणसं भाजत असतात आणि कुणाच्या तरी गाडीतल्या स्पीकरचा आवाज दरीत घुमत असतो. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट झाकली जाते. 2013 साली इथल्या सुमारे 50 चौरस किलोमीटर जंगलाला राज्य सरकारने वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर केलं. भिजून परत जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण अभयारण्याच्या दारापर्यंत जाऊन आलो याचा पत्ता नसतो.

म्हणून आम्ही मुद्दाम डिसेंबर निवडला, आणि आठवड्याच्या मधला वार. सोबत आयटीतला एक मित्र, ज्याने ताम्हिणी फक्त छत्रीखालून पाहिली होती.

हिंजवडीहून ताम्हिणीला जायला पुण्यात शिरावं लागत नाही. फेज तीन संपला की माण, तिथून घोटावड्याच्या बाजूने पौड रस्त्याला लागायचं. घोटावड्यापर्यंत गृहप्रकल्पांच्या पाट्या सोबत करतात. पौड मागे पडलं की पाट्या बदलतात: ‘फार्महाऊस प्लॉट’, ‘लेक व्ह्यू’, ‘सातबारा स्वतंत्र’. मध्ये मध्ये भाताची कापलेली खाचरं. आंबेमोहरासाठी मुळशी आणि मावळ ही नावं जुन्या पुणेकरांच्या तोंडी असत. आता आंबेमोहराच्या शेजारी इंद्रायणीही भरपूर होतो. डिसेंबरात खाचरांत फक्त धसकटं उभी होती आणि बांधावर पेंढ्याच्या गंजी.

पुढे माले गावाजवळ मुळशीचं धरण. इथे गाडी थांबवायलाच हवी, कारण ताम्हिणीच्या जंगलाची गोष्ट या पाण्याला वळसा घालून सांगता येत नाही. टाटांनी मुंबईला वीज पुरवण्यासाठी हे धरण बांधायला घेतलं तेव्हा मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं त्याखाली जाणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याचं नेतृत्व केल्यामुळे पांडुरंग महादेव बापट हे पुढे सेनापती बापट झाले. लढा 1924 पर्यंत चालला आणि हरला. धरणविरोधी लढ्यांमध्ये जगातला हा पहिला म्हणून अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी त्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं आहे.

धरणाचं काम कसं चालतं हेही बघण्यासारखं आहे. ताम्हिणीच्या पूर्व उतारावर पडलेला पाऊस मुळेत येतो. मुळा पुढे वाकड-बालेवाडीच्या मधून, म्हणजे हिंजवडीच्या अगदी कुशीतून जाते, पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. निसर्गाने आखलेला रस्ता हा. धरणाने तो फिरवला. साठलेलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून सुमारे 500 मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजगृहात सोडलं जातं. हे वीजगृह 1927 सालचं आहे आणि आजही चालू आहे. वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिका नदीत उतरतं. कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं ते या सोडलेल्या पाण्यावर. थोडक्यात, पूर्वेला जायचं पाणी अरबी समुद्राला मिळतं.

धरणाच्या काठाकाठाने रस्ता वर चढतो. डावीकडे डोंगर, उजवीकडे निळं पाणी, आणि हळूहळू झाडी दाट व्हायला लागते. ताम्हिणी गावात विंझाई देवीचं देऊळ लागतं. घाटाने खाली कोकणात उतरणारे जुने प्रवासी देवीला हात जोडून पुढे जात, आजचे ट्रकवालेही जातात. हा रस्ता पुढे विळे, निजामपूरवरून माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. आम्हाला मात्र खाली उतरायचं नव्हतं. निवे गावाजवळून लोणावळ्याकडे जाणारा फाटा धरला आणि पिंपरी गाव गाठलं. ही पिंपरी म्हणजे चिंचवडची जोडीदार नव्हे. ही तळ्याकाठची, मोजक्या घरांची पिंपरी. इथून अंधारबनची वाट सुरू होते.

वाटेच्या तोंडाशी वनविभागाचा नाका आहे. तिथे नाव लिहायचं, शुल्क भरायचं, सोबतचं प्लास्टिक दाखवायचं. गावातले तरुण वाटाडे म्हणून येतात. आमच्याबरोबर आलेले मामा मात्र तरुण नव्हते. पन्नाशीचे, डोक्याला टोपी, हातात कोयती आणि पायात रबरी चपला. आमच्या महागड्या बुटांकडे त्यांनी एकदा पाहिलं, बोलले काही नाहीत. चालायला लागल्यावर मित्राने सवयीने ऑफिसमधली एक गोष्ट मोठ्याने सांगायला घेतली, तेव्हा मामा थांबले. “दादा, बोला, पण हळू बोला. इथं सगळे घरीच असत्यात.”

पिंपरी ते भिरा ही वाट सुमारे 13 किलोमीटरची. घाटमाथ्याच्या काठाने जाते, म्हणून सुरुवातीचा बराच टप्पा जवळजवळ सपाट आहे. डावीकडे झाडीच्या फटींमधून कुंडलिकेची दरी दिसत राहते आणि उजवीकडे डोंगराचा उतार. पलीकडच्या अंगाला प्लस व्हॅली. दोन घळी एकमेकींना काटकोनात छेदतात म्हणून ट्रेकर मंडळींनी ठेवलेलं हे नाव. कडे सगळे काळ्या बेसॉल्टचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साठले आणि त्यांतून हा डोंगर झाला. दरीच्या काठावर उभं राहिलं की समोरच्या भिंतीत ते थर आडव्या रेघांनी मोजता येतात.

मुख्य रानात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो उजेडातला फरक. बाहेर डिसेंबरचं स्वच्छ ऊन, आत हिरवट सावली. हे निमसदाहरित जंगल. असं इथेच का, याचं उत्तर पावसात आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढगांनी भरलेले वारे या कड्यावर आदळतात, वर ढकलले जातात, थंड होतात आणि इथेच रिकामे होतात. 25 जुलै 2024 च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीला 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात सबंध वर्षात सरासरीने सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा अर्थ कळतो. त्या दिवशी पुण्यात नदीकाठची घरं पाण्यात गेली होती.

पण हा पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने कोरडे. केरळात असतं तसं बारमाही ओलं जंगल इथे होत नाही. घळींमध्ये, जिथे माती खोल आहे आणि ओल टिकते, तिथे सदाहरित झाडं तग धरतात: जांभूळ, अंजन, पिसा, आंबा, फणस. उघड्या उतारांवर पानगळीची झाडं येतात: ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, सावर. वाऱ्याच्या तोंडावरची झाडं बुटकी, पिळलेली. तीच जात घळीत गेली की सरळ उंच. मामांनी अंजनाच्या खोडावर कोयतीची मूठ आपटून दाखवली. लाकूड इतकं घट्ट की आवाज धातूचा यावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी या झाडाच्या फांद्यांना चिकटून निळी-जांभळी फुलं येतात, तेव्हा त्याला पान दिसत नाही, असं ते म्हणाले.

झाडांखाली कारवी. सात वर्षांनी एकदाच, सगळी मिळून फुलते, बी धरते आणि वाळून जाते. गावातल्या जुन्या घरांच्या भिंती कारवीच्या काठ्या उभ्या करून, वरून शेणमातीने लिंपून केलेल्या असत. आता सिमेंट आलं आणि कारवी जंगलातच राहते. झाडांवरून लोंबणाऱ्या जाड वेलींमध्ये गारंबी आहे. तिच्या हातभर लांब शेंगा वाटेवर पडलेल्या सापडतात.

पावसाळ्यात या वाटेवर तीन मोठे ओढे आडवे येतात. डिसेंबरात त्यांतले दगड कोरडे होते, फक्त मधल्या डोहांत पाणी. आणि इथेच धबधब्याच्या ऋतूत न कळणारी गोष्ट कळते. जुलैमध्ये हे जंगल पाण्याच्या आवाजाने इतकं भरलेलं असतं की दुसरं काही ऐकू येत नाही. पाणी थांबल्यावर बाकीचे बोलायला लागतात. वर कुठेतरी तांबटाची एकसुरी टुकटुक चालू होती. भृंगराज शेपटीच्या दोन लांब पिसांसकट एका फांदीवरून दुसरीवर जाताना तीन-चार पक्ष्यांच्या नकला करून गेला. शीळकरी कस्तूर, जो पावसाळ्यात ओढ्याच्या काठी जवळजवळ माणसाच्या शिळेत गातो, तो एका डोहाशी गुपचूप किडे वेचत होता. दरीच्या वर सर्पगरुड चकरा मारत होता आणि त्याची आर्त साद दोन्ही कड्यांवरून परत येत होती.

शेकरू दिसायच्या आधी त्याचं घर दिसलं. उंच फांदीच्या टोकाला काटक्या आणि पानांचा मोठा गोळा. एका शेकरूची अशी अनेक घरटी असतात, पण पिल्लं एकातच वाढतात. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी म्हटला की लोकांना भीमाशंकर आठवतं, कारण 1985 मध्ये झालेलं ते अभयारण्य त्याच्यामुळेच ओळखलं जातं. पण सह्याद्रीच्या या धारेवर जिथे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले आहेत तिथे शेकरू आहे. त्याला खाली उतरायचं नसतं. शेंड्यांची साखळी तुटली की त्याचा मुलूख संपला. म्हणून शेकरू दिसणं ही त्या जंगलाबद्दलची साक्ष असते. मामांनी बोट दाखवलं तिथे आधी फक्त हलणारी पानं दिसली. मग तांबूस अंग, फिकट शेपटी, आणि दोन झाडांमधलं अंतर एका झेपेत पार. मित्राचा फोन खिशातून निघेपर्यंत ते गेलं होतं.

पुढे वाटेच्या वळणावर मामा थबकले. खालच्या उतारावरून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. भेकर. पाठोपाठ वानराची खोकल्यासारखी खाकर. भेकर आणि वानर एकाच दिशेला तोंड करून ओरडत असतील तर तिकडे बिबट्या असण्याची शक्यता असते. आम्ही उभे राहिलो. काही दिसलं नाही. इथल्या जंगलात बिबट्या, सांबर, रानडुक्कर, साळिंदर, खवल्या मांजर आहेत, चिमुकल्या खुरांची पिसोरी आहे. पण ताडोबासारखं जीपमध्ये बसून जनावर दाखवणारं हे जंगल नाही. इथे जनावर बहुधा ऐकायचं, त्याची विष्ठा आणि खुरांचे ठसे वाचायचे. ज्याला वाघाचा फोटोच हवा आहे त्याने इथे येऊन वेळ घालवू नये.

दुपारच्या सुमारास हिरडी गाव लागलं. दाट रान अचानक उघडतं आणि मोजकी घरं, शंकराचं देऊळ, नाचणीची रिकामी वावरं समोर येतात. आधी सांगून ठेवलं तर इथे जेवण मिळतं. तांदळाची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी, आणि वर ताक. जेवण वाढणाऱ्या मावशींना मित्राने विचारलं, बिबट्याची भीती नाही वाटत का? त्या म्हणाल्या, “वासरू नेलं तर वाईट वाटतं. कागदं दिली की सरकार भरपाई देतं. पण दवाखाना खाली भिऱ्याला. रात्री कुणाचं पोट दुखलं तर त्याची भीती जास्त.” अभयारण्याच्या मधोमध राहणाऱ्या माणसांची यादी आपल्यापेक्षा वेगळी असते.

अभयारण्य म्हटलं की आपण एकच एक सलग जंगल डोळ्यांपुढे आणतो. ताम्हिणी तसं नाही. वनखात्याच्या जमिनींचे तुकडे, त्यांच्या मधे गावं, शेतं, खासगी माळ, घाटरस्ता. पौडच्या पुढे दिसलेल्या प्लॉटच्या पाट्या इथे अर्थ धरतात. खासगी डोंगरावर सपाटीकरण झालं, कुंपण पडलं की दोन तुकड्यांमधली सांबराची वाट बंद होते, आणि शेकरूची तर आधीच होते. कागदावरचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, जंगल मात्र आक्रसतं.

जंगल एवढं तरी उरलं कसं, याचं एक उत्तर देवराई आहे. पुणे जिल्ह्याच्या या पश्चिम पट्ट्यात पूर्वी लोणारी कोळशाच्या भट्ट्या जागोजागी लागत. शहरातल्या शेगड्यांसाठी उतारच्या उतार तोडले गेले. तोड थांबली ती देवाच्या हद्दीशी. वाघजाई, काळकाई, भैरी, म्हसोबा, ज्याचं जे दैवत असेल त्याच्या नावाने राखलेल्या रानात कोयती चालवायची नाही, वाळकं लाकूडही उचलायचं नाही, हा दंडक. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा आजूबाजूला संपलेली झाडं आणि वेली त्यांना या राखीव तुकड्यांत जिवंत सापडल्या. मुळशीतल्या देवराया त्याच परंपरेतल्या. अभयारण्याचा कायदा 1972 चा, इथली अधिसूचना 2013 ची, आणि त्याआधी कित्येक पिढ्या हे काम देवाच्या धाकाने चाललेलं होतं.

वाटेला लागून असलेल्या एका देवराईत मामा चपला काढून आत गेले. दगडाला शेंदूर, शेजारी मातीचे घोडे, वर इतकी दाट झाडं की खाली गवतही उगवलेलं नाही. आम्हीही बूट काढले. मामांनी नारळ फोडला, अर्धा ठेवला, अर्धा आम्हाला दिला. इथलं लाकूड नेलं तर काय होतं, असं विचारल्यावर त्यांनी गावातल्या कुणाचा तरी जुना किस्सा सांगितला. खरं-खोटं तेच जाणोत. झाडं मात्र उभी होती.

हिरडीपासून दोन पर्याय असतात. आल्या वाटेने पिंपरीला परतायचं किंवा पुढे कड्यावरून भिऱ्याला उतरायचं. उतार मोठा आहे, सहाशे मीटरच्या आसपासचा. गुडघ्यांची परीक्षा होते आणि गाडी पिंपरीला असेल तर खालून वर यायची सोय आधीच करावी लागते. उतरलं तर घाटमाथ्याचं गार रान संपून कोकणातली दमट हवा, पायथ्याचं भिऱ्याचं धरण आणि टाटांचं वीजगृह, असा सगळा प्रवास एका दिवसात पायाखालून जातो. सकाळी मुळशीला पाहिलेलं पाणी संध्याकाळी खाली भेटतं. आम्ही परतीची वाट धरली. जाताना जे रान उजवीकडे होतं ते येताना डावीकडे आलं आणि तिरप्या उन्हात वेगळंच दिसलं. जाताना नजरेतून सुटलेली हिरड्याची झाडं, सालीवरचे सांबराने शिंगं घासल्याचे ओरखडे, उंबराच्या बुंध्याला लागलेली फळं, सगळं परतीत दिसलं. नीलवंत, म्हणजे 2015 पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, एका ओलसर दगडावर पंख उघडून बसलं होतं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चमध्ये कोशिंबाची लाल पालवी आणि पांगारा, सावर यांची फुलं बघायला मिळतात, पण ऊन चढायच्या आत परत फिरावं लागतं. मुसळधार पावसात अंधारबन, प्लस व्हॅली आणि कुंडलिका दरीच्या वाटा वनविभाग आणि जिल्हा प्रशासन आदेश काढून बंद करतात. गेल्या काही वर्षांत इथल्या पाण्यात बुडून आणि घसरून माणसं गेली आहेत, तेव्हा बंदी असताना मागच्या वाटेने शिरण्यात शौर्य नाही. निघण्याआधी वाट खुली आहे का याची चौकशी करावी. पौडपर्यंत बस आहे, त्यापुढे एसटीच्या फेऱ्या तुरळक, त्यामुळे स्वतःचं वाहन बरं. गावातला वाटाड्या घ्यावाच. वाट तो दाखवतोच, पण जनावराची चाहूल त्याला आपल्या आधी लागते, आणि आपण दिलेले पैसे जंगलाशेजारीच राहतात. पाणी भरपूर न्यावं, फिकट कपडे घालावेत, आगपेटी आणि स्पीकर घरी ठेवावा. पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच गेलात तर झुडपाला हात लावण्याआधी नीट बघावं. हिरव्या पानांत हिरवा चापडा बसलेला असतो आणि तो विषारी आहे.

हिंजवडीत राहणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की आपल्या तालुक्यात अभयारण्य आहे. पौडच्या ज्या कचेरीत फेज तीनच्या जमिनींचे फेरफार होतात, तिथेच ताम्हिणीच्या डोंगरांचेही होतात. घाटात प्लॉट घ्यायचा विचार कुणी करत असेल तर आधी एकदा, पाणी आटल्यावर, अंधारबनची वाट चालून यावी. नकाशावर रिकामा दिसणारा तो डोंगर कुणाचा येण्याजाण्याचा रस्ता आहे, हे विक्रेता सांगत नाही.